माळावरचीं पाखरें आणि आपलें गांव



गांवांत कोण कोण काम करितो असें विचारिलें, तर कोणीहि सांगेल कीं, सुतार औत करितो, लोहार फाळाला धार लावितो, कुंभार मडकीं घडवितो. परंतु त्याच गांवांत आणखीहि कांहीं कामकरी आहेत. त्यांचीं नांवें कोणत्याहि कागदांत नाहींत. ते बलुतें मागत नाहींत. सुगीच्या दिवशीं खळ्यावर येऊन पदर पसरीत नाहींत. हे कामकरी म्हणजे रानचीं पाखरें होत. तीं आपल्या पोटासाठीं झटतात हें खरें. परंतु त्यांचें पोट भरतां भरतां आपलेंहि काम होऊन जातें.

या पाखरांचा माणसाला व जमिनीला काय उपयोग आहे, आणि तीं नाहींशीं झालीं म्हणजे गांवाला काय भोगावें लागतें, ह्याचा विचार आजच्या पाठांत करावयाचा आहे. त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या अहमदनगर जिल्ह्यांतच, ज्याला २०२४ सालापासून अहिल्यानगर असें नांव मिळालें आहे, हा धडा आपल्यापुढें मांडलेला आहे. पाठाचा मुख्य मुद्दा एवढाच कीं, काम करणारा समोर असतो तोंवर त्याचें मोल आपणांस कळत नाहीं. आणि पाखरूं एकदां गेलें म्हणजे पैसा ओतूनहि तें सहजासहजीं परत येत नाहीं.

१. शेताचे राखणदार

नांगरट चालली असतां नांगरामागें कोण येतें तें पाहा. पांढरे गायबगळे व साळुंक्या तासातासानें चालतात आणि उघड्या पडलेल्या अळ्या व किडे टिपतात. म्हशीच्या पाठीवर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल बसतो. तिच्या पायांखालून उडालेला नाकतोडा तो वरच्यावर धरतो. बाभळीच्या शेंड्यावर बसून वेडा राघू आणि चास हेच काम करितात. दिवस मावळला म्हणजे पाळी बदलते. पिंगळा व गव्हाणी घुबड बाहेर पडतात आणि शेतांतील उंदीर मारितात. घुबडाच्या बसण्याच्या जागेखालीं हाडें व केंस यांच्या लहान लहान गोळ्या पडलेल्या असतात. त्या फोडून पाहिल्या तर आंत उंदरांच्या कवट्या सांपडतात. ज्याच्या कणगीला उंदरानें भोक पाडलें आहे त्याला ह्या नोकरीची किंमत निराळी सांगावयास नको.

हरभऱ्याला घाटेअळी लागते हें आपण सर्व जाणतों. राहुरी येथें १९६८ सालीं स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषि विद्यापीठासारख्या संस्थांतील तज्ज्ञ आतां शेतकऱ्यांस असें सांगतात कीं, हरभऱ्याच्या शेतांत ठिकठिकाणीं काठ्या रोवून पाखरांस बसावयास थांबे करावे, आणि पेरतांना बियाण्यांत ज्वारीचे थोडे दाणे मिसळावे. ज्वारीचें ताट उंच वाढतें. त्यावर कोतवाल व साळुंकी येऊन बसतात आणि घाट्यावरची अळी वेंचून खातात. यास मजुरी पडत नाहीं. उलट, विषारी औषध बेसुमार फवारिलें, तर अळीबरोबर अळी खाणाराहि मरतो, आणि पुढच्या खेपेस अळी दुपटीनें येते.

येथें कोणी म्हणेल, "पाखरें दाणाहि खातात, त्याचें काय?" ही शंका रास्त आहे. रब्बीची ज्वारी हुरड्यांत आली म्हणजे भोरड्यांचे थवे उतरतात, आणि शेतकऱ्याला माळ्यावर उभें राहून गोफण फिरवावी लागते. परंतु भोरडीचा सगळा हिशेब पाहिला पाहिजे. हीं पाखरें उन्हाळ्यांत मध्य आशियाच्या गवताळ मुलखांत वीण घालितात, आणि तेथें त्यांचें व त्यांच्या पिलांचें मुख्य खाद्य टोळ व नाकतोडे हेंच असतें. चीन देशाच्या शिनजिआंग प्रांतांत टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून लोकांनीं भोरड्यांसाठीं मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय करून दिली आहे.

हें शहाणपण त्या देशाला फार महाग पडून आलें. १९५८ सालीं तेथील सरकारनें चिमणीला दाण्याची चोर ठरविलें. लोकांनीं थाळ्या बडवून चिमण्यांस बसूं दिलें नाहीं. घरटीं मोडलीं, अंडीं फोडलीं, आणि असंख्य चिमण्या मारिल्या. पुढें किडीला आवर घालणारें कोणी उरलें नाहीं. १९६० सालीं चिमणीचें नांव शत्रूंच्या यादींतून काढावें लागलें व तिच्या जागीं ढेकणाचें नांव घालण्यांत आलें. त्या वर्षांत चीनमध्यें जो घोर दुष्काळ पडला त्याचीं कारणें अनेक होतीं आणि राज्यकारभाराच्या चुका त्यांत मुख्य होत्या. तथापि चिमण्यांच्या संहारानें पिकांच्या हानींत भर पडली असें अभ्यासक मानितात. चिमणीनें खाल्लेला दाणा सर्वांना दिसत होता. तिनें खाल्लेली अळी कोणीं मोजली नव्हती.

२. बीं पेरणारीं पाखरें

विहिरीच्या चिरेबंदी भिंतींतून पिंपळाचें रोप वर येतें. तें तेथें कोणीं लाविलें? कुंपणाच्या कडेनें कडुलिंबाची रांग उगवते; तिला आळें कोणीं केलें? हें काम बुलबुल, कोकिळा, साळुंकी ह्या फळें खाणाऱ्या पाखरांचें आहे. तीं वडाचें, पिंपळाचें, लिंबाचें, चंदनाचें फळ खातात, दूर जाऊन बसतात, आणि बीं विष्ठेबरोबर अगर चोंचींतून खालीं पडतें. फाल्गुनांत पळस व पांगारा फुलले म्हणजे साळुंक्या व शिंजीर मधासाठीं फुलांत चोंच घालितात. त्यांच्या डोक्याला लागलेले परागकण दुसऱ्या फुलाला मिळतात व शेंग धरते. ज्या सावलींत आपलीं गुरें दुपारीं बसतात, त्या सावलीचीं पुष्कळ झाडें अशा रीतीनें पाखरांनींच पेरलेलीं असतात.

३. गिधाडांचा धडा

आतां अशा एका पक्ष्याचा विचार करूं कीं, ज्याला कोणीं कधीं सुंदर म्हटलें नाहीं. १९८० च्या सुमारापर्यंत गांवाबाहेर ढोर मेलें म्हणजे आकाशांत एक ठिपका दिसे, मग दोन दिसत, आणि पाहतां पाहतां गिधाडांचा थवा उतरे. थोड्याच वेळांत तेथें स्वच्छ सांगाडा उरे. गिधाडाच्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें कीं, सडक्या मांसांतील पुष्कळ रोगजंतु त्यांत मरून जातात. गांवाच्या आरोग्याची ही केवढी मोठी चाकरी होती!

त्या काळीं भारतांतील गिधाडांची गणना कोटींनीं होत असे. १९९० नंतर तीं झपाट्यानें नाहींशीं होऊं लागलीं. राजस्थानांत भरतपूर येथें बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनीं ही घट नोंदिली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची स्थिति तर अशी झाली कीं, १९९२ सालीं जेथें हजार होतीं तेथें २००७ सालीं एखादें उरलें. कोणी म्हणे सांथ आली, कोणी म्हणे उपासमार झाली. अखेर २००४ सालीं पाकिस्तानांत काम करणाऱ्या संशोधकांनीं खरें कारण प्रसिद्ध केलें. गुरांची सूज व वेदना कमी करण्यासाठीं डायक्लोफिनॅक नांवाचें औषध टोंचीत असत. तें टोंचलेलें जनावर लवकरच मेलें व गिधाडांनीं तें खाल्लें, तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन तीं थोड्याच दिवसांत मरत. एका मढ्यावर शेंकडों गिधाडें जेवत, म्हणून शेंकडा एखादें जनावरहि विषारी असलें तरी सर्वनाश होण्यास तें पुरेसें होतें. गिधाडीण वर्षाला एकच अंडें घालिते. यामुळें झालेली तूट भरून निघणें कठीण.

हें औषध देणारे लोक दुष्ट नव्हते. बैलाची कळ थांबावी अशाच इच्छेनें तें दिलें जात होतें. पाखराचा घात करण्यासाठीं वैर असावें लागत नाहीं, अज्ञान पुरतें.

गिधाडें गेलीं आणि मढीं उघड्यावर सडूं लागलीं. ओढ्याचें पाणी नासलें; भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या; कुत्र्यांबरोबर रेबीज वाढला. इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जिल्ह्यांत पूर्वीं गिधाडें पुष्कळ होतीं आणि ज्यांत तीं मुळांतच थोडीं होतीं, अशा दोन्ही जिल्ह्यांतील मृत्यूंची त्यांनीं तुलना केली. त्यांचा अंदाज असा कीं, २००० ते २००५ ह्या काळांत गिधाडें नसल्यामुळें भारतांत सुमारें ५ लाख माणसें अधिक मेलीं. वाचकहो, हा आंकडा पुन्हां एकदां वाचा. ज्या पाखराला आपण अमंगळ म्हणत होतों, तें आपल्या लेंकरांचें रक्षण करीत होतें.

सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं डायक्लोफिनॅकची बंदी केली. तरी माणसांसाठीं मिळणाऱ्या मोठ्या बाटल्या गुरांस वापरल्या जात. म्हणून २०१५ सालीं माणसांच्या टोंचणीची बाटली ३ मिलिलिटरांहून मोठी असूं नये असा नियम झाला. २०२३ सालीं किटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक हीं दोन औषधेंहि गुरांसाठीं बंद करण्यांत आलीं. मेलॉक्सिकॅम नांवाचें औषध गुरांस गुणकारी असून गिधाडांस बाधत नाहीं असें ठरलें आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर लांब चोंचीच्या गिधाडांच्या कांहीं वसाहती अजून तग धरून आहेत. नाशिक, रायगड व गडचिरोली जिल्ह्यांत वनखात्यानें व गांवकऱ्यांनीं त्यांस निर्धोक मढीं घालण्याचे प्रयत्न केले आहेत. एवढा खटाटोप करूनहि पूर्वींचे थवे परत आलेले नाहींत.

४. माळ आणि माळढोक

गिधाड एका औषधानें गेलें. माळढोक त्याचें घर गेल्यामुळें जात आहे.

कर्जत, श्रीगोंदा ह्या तालुक्यांत मुरमाड जमिनीचे लांबच लांब माळ आहेत. ह्या भागांत वर्षाचा पाऊस सरासरीनें पांचसहाशें मिलिमीटर, आणि तोहि बेभरंवशाचा. अशा जमिनींत दाट जंगल वाढत नाहीं. वाढतें तें गवत. मारवेल, पवन्या, कुसळी हीं गवतें हजारों वर्षांपासून येथें आहेत. सरकारी दप्तरांत अशा भूमीची गणना बहुधा पडीक म्हणून होते, आणि आपणहि तिला निकामी म्हणतों. पण जरा विचार करा. ह्याच गवताच्या मुळ्या माती धरून ठेवितात व पाऊस जमिनींत जिरवितात. ह्याच माळावर धनगराचीं मेंढरें जगतात. काळवीट, लांडगा, खोकड, ससा, तितर, लावा, चंडोल, धाविक यांचें हेंच घर होय. कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटांसाठीं १९८० सालीं अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर आहे, तरी तेवढ्याशा माळावर काळविटांचे कळप टिकले.

ह्या माळाचा राजा म्हणजे माळढोक. तो सुमारें १ मीटर उंच असतो. नराचें वजन १५ किलोपर्यंत भरतें. उडणाऱ्या पाखरांत जगांतील अति जड पाखरांपैकीं तो एक आहे. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरें, पडलेले दाणे हें त्याचें अन्न. मादी घरटें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालिते. मेंढराचा पाय पडला, कुत्रें आलें, कीं त्या वर्षाची वीण संपली. मोशेच्या नियमशास्त्रांत (अनुवाद, अध्याय २२) अंड्यांवर बसलेल्या पक्षिणीबद्दल जी आज्ञा आहे, तिचें प्रयोजन अशा पाखरांकडे पाहिलें म्हणजे सहज समजतें: वीण घालणारी मादी राहिली तरच वंश राहतो.

थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनीं भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचें नांव सुचविलें होतें. १९६३ सालीं तो मान मोरास मिळाला. १९६९ सालच्या एका अंदाजाप्रमाणें देशांत सुमारें १,२६० माळढोक होते. २०१८ च्या सुमारास ते अदमासें दीडशेंवर आले, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानच्या वाळवंटांत. २०११ सालापासून जगांतील अत्यंत संकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते. आपल्या महाराष्ट्रांत त्याचें दर्शन आतां अतिशय दुर्मिळ झालें आहे.

असें कां झालें? आधीं बंदुकीनें. मोठें पाखरूं, पुष्कळ मांस, व उघडा माळ, यामुळें शिकाऱ्यास तें सोपें होतें. मग नांगरानें. कुकडीच्या कालव्यांचें पाणी आलें, माळ फुटले, ऊंस उभा राहिला. मग खाणी, घरें, रस्ते आले; भटकीं कुत्रीं वाढलीं. अलीकडे विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें त्याला समोरचें नीट दिसत नाहीं, आणि जड शरीरामुळें ऐनवेळीं वळतां येत नाहीं. तो तारेवर आदळून मरतो. ह्याविषयींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९ एप्रिल २०२१ रोजीं न्यायालयानें माळढोकाच्या मुलखांतील तारा शक्य तेथें जमिनीखालून न्याव्या असा आदेश दिला. परंतु उन्हापासून वीज करणेंहि देशाला आवश्यक आहे. म्हणून २०२४ सालीं तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिति नेमण्यांत आली. राजस्थानांत सम येथें २०१९ सालापासून माळढोकांचीं अंडीं उबवून पिलें हातांनीं वाढविण्याचें केंद्र चालू आहे. ज्या पाखराला पूर्वीं माळाशिवाय कांहीं लागत नव्हतें, त्याच्या एकेका पिलासाठीं आतां केवढा खर्च व केवढी राबणूक!

५. अभयारण्य आणि शेतकरी

ह्या गोष्टीला दुसरीहि बाजू आहे, आणि ती लपविणें योग्य नव्हे. सोलापूरचे पक्षिप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनीं नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे लोकांचें लक्ष वेधिलें. १९७९ सालीं माळढोक अभयारण्य जाहीर झालें. त्यांत सोलापूर जिल्ह्यांतील मुलुख होता, तसाच आपल्या जिल्ह्यांतील कर्जत, श्रीगोंदा व नेवासा तालुक्यांतीलहि होता. त्याचें क्षेत्र सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर एवढें अफाट होतें. त्यांत सरकारी माळ थोडा. बाकी गांवें, शेतें व लोकांच्या मालकीच्या जमिनी. जमिनीच्या व्यवहारांत अडचणी येऊं लागल्या, आणि ज्या शेतकऱ्यानें माळढोकाचें पीसहि पाहिलें नव्हतें तो म्हणूं लागला कीं, हें पाखरूं आमच्या मुळावर उठलें आहे. पुढें २०१२ च्या सुमारास सीमा आंखडून तें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आलें.

ह्यांतून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली ही कीं, पाखरूं राखावयाचें तर त्याच्या शेजारीं राहणारा गरीब शेतकरी व धनगर यांसहि राखिलें पाहिजे. ज्याचा भार गांवानें वाहिला त्याचा लाभहि गांवाला दिसला पाहिजे. नाहींतर कायदा कागदावर राहतो व पाखरूं वैरी ठरतें. दुसरी ही कीं, माळाला विश्रांति दिली तर तो फिरून उभा राहतो. १९७० च्या दशकांत अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमांत नान्नज येथें कांहीं तुकडे कुंपण घालून राखिले. गवत वाढलें आणि माळढोक तेथें वीण घालूं लागले. परंतु माळावर दाट झाडें लाविलीं तर गवत सावलीनें मरतें व माळढोक तेथें येत नाहीं. झाड लावणें चांगलें. पण प्रत्येक चांगल्या गोष्टीला तिची जागा असते. गांवठाणांत, बांधावर, ओढ्याकांठीं झाड लावावें. माळाला गवत राहूं द्यावें.

६. अपशकुनाची समजूत

पुष्कळ पाखरांचा नाश भीतीमुळें होतो. पिंगळा घरावर ओरडला म्हणजे कोणी मरणार, टिटवी रात्रीं ओरडली म्हणजे संकट येणार, घुबडाचें तोंड पाहूं नये, अशा समजुती अजून आहेत. घुबडाला मंत्रतंत्रासाठीं मारणारेहि आहेत. खरें कारण साधें आहे. पिंगळा घराजवळ ओरडतो, कारण घराजवळ उंदीर व किडे असतात. टिटवी रात्रीं ओरडते, कारण कोल्हें, कुत्रें किंवा माणूस तिच्या उघड्यावरच्या अंड्यांजवळ आलेलें असतें. ती कोणाचें मरण सांगत नाहीं. आपलीं लेंकरें वांचवीत असते. लहान मुलांस हें समजावून सांगावें, म्हणजे त्यांचा हात दगडाकडे जाणार नाहीं.

७. आपण काय करावें?

पहिलें: गुरांस टोंचणी द्यावयाची तर ती पशुवैद्याकडूनच द्यावी, आणि औषधाचें नांव विचारावें. बंदी असलेलें औषध कोणी स्वस्तांत दिलें तरी घेऊं नये.

दुसरें: माळाला आग लावूं नये. चैत्र-वैशाखांत टिटवी, चंडोल, धाविक जमिनीवर अंडीं घालितात. एका काडीनें शेंकडों घरटीं जळतात. कुत्रीं माळावर मोकळीं सोडूं नयेत.

तिसरें: तितर-लाव्यांस फांसे लावूं नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा गुन्हा आहे, आणि माळढोकासारख्या पहिल्या अनुसूचींतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे.

चौथें: उंदरांसाठीं विष टाकण्यापूर्वीं विचार करावा, विषानें मेलेला उंदीर खाऊन घुबडहि मरतें. फवारणी गरजेपुरती करावी, आणि हरभऱ्यांत पाखरांस बसावयास काठ्या रोवाव्या. बांधावरील बोर, बाभूळ व ढोली असलेलें जुनें झाड तोडूं नये.

पांचवें: शाळेंतील मुलांनीं एक वही करावी. कोणतें पाखरूं कोणत्या महिन्यांत दिसलें, कोठें दिसलें, काय खात होतें, तें तिच्यांत लिहावें. दहा वर्षांनीं ती वही गांवाचा मोलाचा दस्तऐवज होईल.

हीं कामें लहान आहेत, आणि त्यांस पैसा लागत नाहीं. गिधाडांच्या बाबतींत आपणांस उशिरां कळलें. माळढोकाच्या बाबतींत फार थोडा वेळ उरला आहे. परंतु कोतवाल, पिंगळा, साळुंकी, चंडोल हे आपले कामकरी अजून आपल्या शिवारांत आहेत. ते आहेत तोंवरच त्यांचें मोल ओळखावें.

अभ्यासाचे प्रश्न
(हा पाठ मंडळींत किंवा शाळेंत वाचून दाखवावा व मग हे प्रश्न विचारावे.)

१. आपल्या शिवारांत नांगरामागें कोणतीं पाखरें येतात? तीं काय खातात?
२. चीनमध्यें चिमण्या मारिल्यावर काय झालें? त्या हिशेबांत कोणती चूक होती?
३. गिधाडें कशानें मेलीं? तीं गेल्यामुळें माणसांवर कोणतें संकट आलें?
४. माळ निकामी आहे असें म्हणणें बरोबर आहे काय? गवताचे तीन उपयोग सांगा.
५. माळढोकाची संख्या घटण्याचीं चार कारणें सांगा.
६. अभयारण्यावर शेतकरी कां रागावले? त्यांचा राग कशानें दूर झाला असता?
७. पुढील एका महिन्यांत आपलें गांव ह्यांपैकीं कोणतें एक काम करूं शकेल?